‘हॅलो, वर्ल्ड’ची कुळकथा

सी ही संगणकभाषा शिकावयास बसलेल्या नवशिक्याने, अन्य कोणताही व्यवहार आरंभण्यापूर्वी, यंत्राकडून ‘हॅलो, वर्ल्ड’ ही दोन पदे उमटवून घ्यावीत, असा जो शिरस्ता आज सर्वत्र रूढ आहे, त्याचे मूळ अमेरिकेतील न्यू जर्सी संस्थानात, मरे हिल येथील बेल प्रयोगशाळेच्या दप्तरात सापडते.

परंतु हे वाक्य जन्मास आले ते सीच्या घरी नव्हे, आणि पहिला धडा म्हणून तर नव्हेच. मार्टिन रिचर्ड्स यांच्या बीसीपीएलवरून केन टॉम्पसन यांनी बेतलेल्या ‘बी’ या भाषेचा परिचय करून देण्यासाठी ब्रायन कर्निघन यांनी १९७२च्या सुमारास जे टिपण रचले, त्यात बाह्य चलांचा दाखला म्हणून ते अवतरले, आणि तेही छिन्नावस्थेत. कारण त्या भाषेत एका अक्षर-स्थिरांकात चारांहून अधिक चिन्हे मावत नसल्यामुळे, स्वल्पविराम व मोकळी जागा धरून भरणाऱ्या १२ चिन्हांचे तीन समान तुकडे पाडून ते तीन चलांच्या हवाली करावे लागले होते. हे शब्द सुचले कोठून, असे पुढे विचारले असता, अंडे आणि त्यातून निघालेले पिल्लू असे एक व्यंगचित्र पाहिल्याचे तेवढे कर्निघन यांना स्मरत होते.

दरम्यान डेनिस रिची यांनी बीमध्ये प्रकारांची व्यवस्था आणून तिची सी केली, आणि १९७४च्या सी-विषयक टिपणात ते तुकडे सांधले जाऊन ‘प्रिंटएफ’च्या एकाच हुकमाने सबंध वाक्य छापले गेले. १९७८ साली कर्निघन व रिची यांच्या ग्रंथाने, शेवटी ओळ बदलण्याची खूण जोडून, त्याला प्रथम उदाहरणाचा मान दिला. १९८८च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या माथ्यावर ‘एसटीडीआयओ’ या शीर्षसंचिकेच्या समावेशाची ओळही चढली.

भाषेविषयी जवळजवळ काहीच न शिकवणारा हा धडा टिकला, याचे कारण त्या ग्रंथकर्त्यांनी ओळखलेल्या अडचणीत आहे: मजकूर कोठे लिहावा, कंपायलरच्या स्वाधीन कसा करावा, सिद्ध झालेली आज्ञावली चालवावी कशी आणि तिचे फलित कोठे पाहावे, या अव्वल कारकुनी पायऱ्यांवरच नवशिका अडतो. ती दोन पदे उमटली की या साऱ्या यंत्रणेची रुजवात होते, आणि यापुढे काही बिघडले तर दोष आपल्या लिखाणातच शोधावयाचा, हे विद्यार्थ्यास निश्चितपणे कळते.