घराजवळच्या एका राज्याची ओळख : करवीर संस्थान

शाळेच्या भूगोलात कोणत्याही देशाची ओळख ठरलेल्या क्रमाने करून देतात : प्राकृतिक रचना, लोक, अर्थव्यवस्था आणि शासनव्यवस्था. देश ब्राझील असो की जपान, मुले हे चार मथळे पाठ करतात आणि परीक्षा झाली की विसरतात. चारही गोष्टी एकमेकींत कशा गुंतलेल्या असतात हे आपण त्यांना सहसा दाखवत नाही, हे त्याचे एक कारण असावे. म्हणून या वेळी आपण दूरचा देश न घेता घराजवळचे राज्य पाहू : कोल्हापूर, म्हणजेच करवीर संस्थान. ते इंग्रजांचे मांडलिक होते, त्यामुळे पूर्ण अर्थाने देश नव्हे. पण त्याचा राजा, खजिना, न्यायालये आणि पोलीस स्वतःचे होते. १९४७ साली भारतात अशी साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती.

जमीन आणि पाणी

संस्थानचे क्षेत्रफळ सुमारे ३,२०० चौरस मैल होते. १७३१ च्या वारणेच्या तहाने सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधली सरहद्द वारणा नदीवर ठरली. पण सीमा सगळीकडे इतकी सरळ नव्हती. आज बेळगाव जिल्ह्यात असलेले रायबाग कोल्हापूरचे होते, तर आज कोल्हापूर जिल्ह्यात असलेले कुरुंदवाड पटवर्धनांचे वेगळे संस्थान होते.

पश्चिमेला सह्याद्री, पूर्वेला कृष्णाकाठ. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या शिरोळकडे तो पाचशे-सहाशेवर येतो. भोगावती, कासारी, कुंभी, तुळशी यांचे पाणी घेऊन पंचगंगा पूर्वेकडे वाहते आणि नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. पाऊस चार महिन्यांत पडून जातो. उरलेले आठ महिने पाणी टिकवायचे कसे, हा येथल्या शेतीचा जुना प्रश्न.

लोक आणि त्यांचा व्यवसाय

१९०१ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे ९ लाख भरली. बहुतेक लोक शेतकरी. भाषा मराठी, पूर्वेकडे कानडीही. डोंगराकडे भात आणि नाचणी, पूर्वेकडे ज्वारी, नदीकाठी मोटेच्या पाण्यावर ऊस. उसाचा गूळ होई. १८९५ साली शाहूपुरीची पेठ वसवल्यावर गुळाला हक्काची बाजारपेठ मिळाली. त्याआधी १८९१ साली मिरज-कोल्हापूर रेल्वे सुरू झालीच होती. इचलकरंजी जहागिरीत १९०४ साली पहिला यंत्रमाग आला.

पण पीक शेतकऱ्याचे असले तरी कागद त्याच्या हाती नव्हता. गावचे दप्तर वंशपरंपरेने कुलकर्ण्याकडे असे. सारा किती, बाकी किती, हे तो सांगेल ते खरे. म्हणजे अक्षरओळख हा केवळ शिक्षणाचा प्रश्न नव्हता. तो पोटापाण्याचाही प्रश्न होता.

कारभार

१८९४ साली शाहू महाराजांनी राज्यकारभार हाती घेतला, तेव्हा दरबारच्या ७१ अधिकाऱ्यांपैकी ६० ब्राह्मण होते. २६ जुलै १९०२ रोजी त्यांनी हुकूम काढला, की यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागासलेल्या वर्गांतून भरल्या जाव्यात. जागा राखल्या तरी त्या घ्यायला शिकलेली माणसे हवीत. म्हणून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे निघाली. १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता. १९१८ साली कुलकर्णी वतन रद्द होऊन पगारी तलाठी आले.

पाण्याचेही असेच. १९०७ साली महाराजांनी भोगावतीवर राधानगरी धरणाची योजना हाती घेतली. खर्च संस्थानच्या आवाक्याबाहेर गेला आणि १९२२ साली महाराजांचे निधन झाले तेव्हा काम अपुरेच होते. ते १९५७ साली पूर्ण झाले. तोवर संस्थान राहिले नव्हते. या धरणाचे पाणी नदीतच सोडतात आणि ठिकठिकाणी बंधाऱ्यांनी अडवतात. पावसाळ्यात बंधाऱ्याच्या फळ्या काढून ठेवायच्या, म्हणजे पूर आणि गाळ वाहून जातो. पाऊस सरला की त्या बसवून पाणी अडवायचे. आठ महिन्यांच्या त्या जुन्या प्रश्नाला मिळालेले हे उत्तर आज ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ या नावाने ओळखले जाते.

हुकूम आणि हक्क

येथे मुलांना एक प्रश्न विचारावा. कारभार लोकांच्या हिताचा होता, मग लोकांनी आणखी काय मागायचे? शाहू महाराजांच्या सुधारणा हुकमाने आल्या. पुढचा राजा त्या हुकमाने काढूही शकला असता. कायदे करणारी, लोकांनी निवडलेली सभा संस्थानात नव्हती. ही उणीव ओळखून १९३९ साली प्रजापरिषद उभी राहिली. माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी जबाबदार राज्यपद्धती मागितली आणि त्यासाठी तुरुंगवास सोसला. १ मार्च १९४९ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी राज्यघटना अमलात आली आणि नोकऱ्यांत राखीव जागा ठेवण्याची तरतूद तिच्या सोळाव्या कलमात आली. सक्तीच्या व मोफत शिक्षणाला मात्र देशभर हक्काचे रूप यायला १ एप्रिल २०१० उजाडावे लागले; १९१७ पासून मोजले तर ९३ वर्षे.

वर्गात हा पाठ घेताना आपल्या तालुक्याचा नकाशा फळ्यावर काढावा आणि चार प्रश्न विचारावेत : पाऊस कुठे पडतो? पाणी कुणाच्या शेतात जाते? जमिनीचा कागद कोण लिहितो? आणि निर्णय कोण घेतो? उत्तरे मुलांनी घरी, चावडीवर आणि पाटबंधारे कचेरीत विचारून आणावीत. मग ब्राझील आणि जपानकडे वळले, की तेथेही हेच चार प्रश्न मुले आपण होऊन विचारतील.