अर्धशिशी : दर वेळी 'पित्त' म्हणून गोळी घेताय? महिन्याच्या गोळ्या आधी मोजा

छत्रपती संभाजीनगर : सकाळी उठल्यापासून डोक्याची एक बाजू ठणकते. उजेड नको वाटतो, भांड्याचा आवाज झाला तरी चीड येते. दुपारपर्यंत उलटी होते, मग जरा बरं वाटतं. घरात सगळे म्हणतात, 'पित्त झालं होतं.' कन्नड, सिल्लोडपासून वैजापूर, पैठणपर्यंत कुठल्याही गावात हे ऐकायला मिळतं. मेडिकलवरून एक गोळी आणली जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. असं वर्षानुवर्षं चालू असेल तर ते पित्त नसून अर्धशिशी, म्हणजेच मायग्रेन असण्याची शक्यता मोठी आहे. त्यावर उपाय आहेत आणि त्यातले बरेचसे स्वस्त आहेत. मात्र रोज एक वेदनाशामक गोळी हा त्यातला उपाय नाही.

आपल्याकडे किती जणांना?

आजार नवा नाही. चरकसंहितेत 'अर्धावभेदक' या नावाने त्याचे वर्णन आहे. शेजारच्या कर्नाटकात घरोघरी जाऊन झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १८ ते ६५ वयोगटातल्या सुमारे २५ टक्के लोकांना वर्षभरात मायग्रेनचा त्रास झाल्याचे आढळले. पुरुषांपेक्षा बायकांना तो जास्त होता आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त होता.

ओळखायचं कसं?

रक्ताच्या तपासणीत किंवा एक्स-रेमध्ये मायग्रेन दिसत नाही. डॉक्टर तो लक्षणांवरून ओळखतात. औषध न घेतल्यास दुखणं ४ ते ७२ तास टिकतं. बहुतेक वेळा एका बाजूला असतं, ठोके पडल्यासारखं ठणकतं आणि चाललं, वाकलं, जिना चढला की वाढतं. सोबत मळमळ किंवा उलटी असते, नाही तर उजेड आणि आवाज दोन्ही नकोसे होतात. असे किमान पाच झटके येऊन गेलेले असतील तर मायग्रेन समजला जातो. काही जणांना दुखणं सुरू होण्याआधी डोळ्यांपुढे वाकड्यातिकड्या चमकत्या रेघा दिसतात. त्याला 'ऑरा' म्हणतात.

मग उलटी का होते? झटका मेंदूतून सुरू होतो आणि त्यात पोटाचं काम मंदावतं. पित्तामुळे डोकं दुखत नाही, डोक्याच्या आजारामुळे मळमळतं. उशिरा घेतलेली गोळी लागू पडत नाही त्याचं एक कारण हेच. ती पोटातच पडून राहते.

उपचार दोन प्रकारचे

पहिला प्रकार झटका थांबवण्याचा. गोळी दुखणं सुरू होताच घ्यायची. 'बघू, थांबेल' म्हणत संध्याकाळ केली तर तीच गोळी निकामी ठरते. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही नेहमीची औषधं आहेत. अनेकदा डोसच कमी पडतो. मायग्रेनमध्ये मोठ्या माणसाला पॅरासिटामॉल एका वेळी १००० मिलिग्रॅम लागू शकते, पण आपल्याला किती चालेल हे डॉक्टरांकडून एकदा ठरवून घ्यावे. आम्लपित्त, अल्सर, किडनीचा त्रास असेल तर आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन विचारल्याशिवाय नको. मळमळ जास्त असेल तर डॉक्टर उलटीची गोळीही देतात. तिच्यामुळे पोट पुढे सरकतं आणि दुसरी गोळी लागू पडते.

एवढ्याने भागत नसेल तर सुमाट्रिप्टान, रिझाट्रिप्टान ही खास मायग्रेनची औषधे चिठ्ठीवर मिळतात. हृदयविकार, अर्धांगवायू होऊन गेला असेल किंवा बीपी आटोक्यात नसेल तर ती देत नाहीत. मायग्रेनच्या काही जुन्या गोळ्यांत एर्गोटामाइन असते. गरोदर बाईला ती अजिबात चालत नाही.

दुसरा प्रकार झटके येऊच नयेत म्हणून. महिन्यात चार किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल, किंवा झटका आला की कामच बंद पडत असेल, तर डॉक्टरांकडे 'रोजच्या औषधा'ची चौकशी करावी. प्रोप्रॅनोलॉल, अ‍ॅमिट्रिप्टिलिन, फ्लुनारिझिन, टोपिरामेट ही यातली नावं. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल मायग्रेन टाळण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे आणि महाग नाही. दमा असेल तर मात्र ते चालत नाही. अ‍ॅमिट्रिप्टिलिनने झोप येते, म्हणून रात्री देतात. फ्लुनारिझिनने वजन वाढू शकते आणि मन उदास होऊ शकते. टोपिरामेट गरोदरपणात टाळतात.

इथे बरेच जण चुकतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून औषध सोडतात. ही औषधे लागू पडायला दोन ते तीन महिने लागतात. झटके निम्म्यावर आले तरी औषधाला यश आले असे डॉक्टर मानतात. साधारण सहा महिने ते वर्षभराने हळूहळू ती कमी करता येतात.

यानेही फरक पडला नाही तर 'सीजीआरपी' या मेंदूतल्या रसायनाला रोखणारी नवी इंजेक्शने आहेत. त्यातले पहिले २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. ती महाग आहेत. आधी साधी औषधे पूर्ण डोसात, पूर्ण मुदत घेऊन झालेली हवीत.

गोळीच डोकं दुखवते तेव्हा

साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान, एर्गोटामाइन किंवा दोन-तीन औषधांची मिश्र गोळी १० किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांहून अधिक चाललं तर त्या गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागतं. गोळी उतरली की दुखतं, दुखलं की गोळी. ही साखळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली तोडावी लागते. गोळी बंद केल्यावर पहिले काही दिवस त्रास वाढतो, नंतर बहुतेकांना आराम पडतो. म्हणून साधा नियम असा : वेदनाशामक गोळी आठवड्यात दोन दिवसांपेक्षा जास्त नको.

वही ठेवा

घरातल्या कॅलेंडरवर डोकं दुखलं त्या तारखेला फुली आणि गोळी घेतली त्या तारखेला गोल करा. पाळी, उपवास, जागरण, ऊन यांची खूणही करा. चतुर्थी-एकादशीचा उपाशी दिवस, रात्रीच्या लाईटीला पाणी द्यायला गेलेली झोप, कापूस वेचताना डोक्यावर आलेलं ऊन आणि न प्यायलेलं पाणी, यांतलं आपलं कारण दोन महिन्यांत कळतं. सगळंच टाळता येत नाही. पण जेवणाची आणि झोपेची वेळ सांभाळली तरी झटके कमी होतात.

ऑराचा त्रास असलेल्या बायकांनी गर्भनिरोधक गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना ते जरूर सांगावे. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी त्यांच्यात पक्षाघाताचा धोका वाढतो.

दाखवायचं कुठे?

सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात करावी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी व उपचार मोफत आहेत. तिथे फरक पडला नाही तर चिठ्ठी घेऊन शहरात घाटी रुग्णालयाच्या मेडिसिन विभागात जाता येते. जाताना ते कॅलेंडर आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटे सोबत न्यावीत. डॉक्टरांना निम्मी माहिती त्यातूनच मिळते.

ही लक्षणं असतील तर वाट पाहू नका

- आयुष्यात कधी नव्हतं इतकं डोकं अचानक, क्षणात दुखू लागणं
- हात-पाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, झटके (फिट) येणं
- ताप आणि मान ताठ होणं
- डोक्याला मार लागल्यानंतरची डोकेदुखी
- पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी
- गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर जोराची डोकेदुखी

यांपैकी काहीही असलं तर १०८ वर फोन करून लगेच रुग्णालय गाठावे. पावसाळ्यात तापासोबत डोकं दुखत असेल तर डेंग्यूची शक्यता असते. तेव्हा तपासणी होईपर्यंत अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन घेऊ नये.