ऐंशी हजार कड्यांची स्मृती

दिवाळीच्या सुटीत भाचा नामपूरला आला, तो हातात फटाक्यांची नव्हे तर यंत्राच्या भागांची यादी घेऊन. खेळ खेळण्यासाठी त्याला घरीच संगणक जुळवायचा आहे. पैसे बापाच्या डाळिंबाचे, म्हणून निवड नीट झाली पाहिजे, एवढी समज त्याला आहे. फराळाचे ताट पुढे ठेवून त्याने मला विचारले, "मामा, सहा कोअरचा प्रोसेसर घ्यावा की आठ? आणि रॅम सोळा जीबी पुरेल की बत्तीस?"

आता, वाचकहो, माझे गणित मॅट्रिकपुरतेच. त्यातही मी कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. तरी भाच्यासमोर मामाने गप्प बसायचे म्हणजे नामुष्कीच. मी त्याला मोसमकाठच्या आमच्या बाजारातला कांद्याचा लिलाव दाखवला. बोली पुकारणारा कितीही चपळ असो, पुढचा ट्रॅक्टर ओट्याशी वेळेवर आला नाही तर तो नुसता उभा राहतो. उलट ओटे भरपूर आणि पुकारणारा मंद, तर रांग गावाबाहेर जाते. प्रोसेसर हा पुकारणारा, रॅम म्हणजे त्याच्या हाताशी असलेला ओटा आणि डिस्क म्हणजे मळ्यातली कांद्याची चाळ. चाळीत माल कितीही असला तरी लिलाव ओट्यावरच्या मालाचा होतो. भाच्याला उपमा पटली. पण यादीतला आकडा काही ठरला नाही. तेव्हा मला त्याच्याच प्रश्नाची एक जुनी गोष्ट आठवली. हा प्रश्न मुंबईत १९५५ साली पडला होता, आणि तो खेळातला नव्हता.

त्या वर्षी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत एका लहानशा मंडळीने स्वतःचे गणकयंत्र बांधायला घेतले. संस्थेचे प्रमुख होमी भाभा. या कामाची धुरा रंगस्वामी नरसिंहन यांच्याकडे. अमेरिकेत गणिताची डॉक्टरेट घेऊन ते १९५४ मध्ये संस्थेत आले होते; वय जेमतेम एकोणतीस. सोबतची मंडळी पदार्थविज्ञान आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली. यंत्र बांधायचे खरे, पण असले यंत्र चालवून पाहिलेले लोकही देशात विरळा! कलकत्त्याच्या सांख्यिकी संस्थेत त्याच सुमारास विलायतेहून एक यंत्र आले होते, तेवढेच. मुंबईकरांनी ठरवले की आपण विकत आणायचे नाही, बांधायचे. आराखड्याला आदर्श होता तो अमेरिकेत प्रिन्स्टनला जॉन फॉन नॉयमन यांच्या देखरेखीखाली झालेल्या यंत्राचा.

पहिला पेच पडला तो स्मृतीचा. बेरीज करणारे यंत्र बांधणे त्या मानाने सोपे. बेरजेचे आकडे ठेवायचे कोठे? केंब्रिजच्या यंत्रात ते पाऱ्याने भरलेल्या नळ्यांतून ध्वनिलहरींच्या रूपाने फिरत राहत. एका टोकाला पोचले की पुन्हा दुसऱ्या टोकाला सोडायचे, अशी ती पाणी भरण्याची रहाटगाडगी. प्रिन्स्टनच्या यंत्रात आकडे दूरदर्शनसारख्या काचेच्या नळीच्या पडद्यावर विजेच्या ठिपक्यांनी उमटत. ते क्षणात विरत, म्हणून सारखे गिरवत राहावे लागे, आणि जवळपास विजेचा गोंधळ झाला की ठिपके पुसले जात. कलकत्त्याच्या यंत्राला चुंबकीय ढोल होता. तो बिचारा विश्वासू, पण हवा तो आकडा फिरून येईपर्यंत वाट पाहणे आले.

चौथा मार्ग अगदी नवा होता. अमेरिकेतल्या एमआयटीत जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी १९५३ मध्ये तो प्रत्यक्ष यंत्रात वापरून दाखवला होता. फेराइट नावाच्या चुंबकीय द्रव्याच्या चिमुकल्या कड्या करायच्या आणि तारांच्या जाळीत जिथे तार तारेला छेदते तिथे एकेक ओवायची. कडी एका दिशेने चुंबकित झाली तर एक, उलट दिशेने झाली तर शून्य. वीज गेली तरी कडी आपली आठवण सोडत नाही. मौज अशी की तिला विचारले की ती सांगते आणि सांगताना विसरते, म्हणून वाचलेले लगेच परत लिहावे लागते. माझ्या वर्गात असे विद्यार्थी पुष्कळ आहेत.

मुंबईच्या मंडळींनी कड्या निवडल्या. जगात त्या नुकत्याच वापरात आल्या असताना, हाताशी तयार नमुना नसताना ही निवड करणे साधे धाडस नव्हते. आधी एक लहान प्रायोगिक यंत्र बांधले. ते १९५६ च्या अखेरीस चालू झाले. मग मोठे यंत्र हाती घेतले आणि १९६० मध्ये ते कामाला लागले. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह, १७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. त्याचा एक शब्द म्हणजे चाळीस एक-शून्ये, आणि अखेरीस असे २०४८ शब्द त्याच्या स्मृतीत मावत. गुणाकार करून पाहा: ८१,९२० कड्या. आजच्या भाषेत दहा केबी. भाच्याची सोळा जीबी रॅम तिच्या सुमारे १६ लाख ७७ हजार पट भरते! जानेवारी १९६२ मध्ये कुलाब्याच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला पंडित नेहरू आले, तेव्हा त्यांनी या यंत्राला 'टिफ्रॅक' हे नाव दिले.

आता खरी बोच. स्मृतीची निवड अचूक ठरली. चुंबकीय कड्यांनी पुढे १९७० नंतरही काही वर्षे जगभर राज्य केले. पण गणिती भाग व्हॉल्व्हचा होता, आणि यंत्र पुरे होईतो परदेशात ट्रान्झिस्टरची यंत्रे बाजारात आली होती. म्हणजे यंत्र जन्माला आले तेच म्हातारे. १९६४ मध्ये संस्थेने अमेरिकेहून सीडीसी ३६०० हे ट्रान्झिस्टरचे मोठे यंत्र आणले आणि टिफ्रॅकचे दिवस संपले. मग ही पाच वर्षे वाया गेली काय? असे म्हणणारे आजही भेटतात. मला ते पटत नाही. १९५५ मध्ये ट्रान्झिस्टर महाग, बेभरवशाचे आणि इकडे दुर्मीळ होते. थांबले असते तर हातात काहीच नसते. बाहेरच्या शास्त्रज्ञांनीही टिफ्रॅकवर आपली गणिते सोडवून नेली, आणि नवे यंत्र आले तेव्हा ते हाताळायला माणसे तयार होती.

पुढे एकदा निवड आपल्या हातातच राहिली नाही. हवामानाच्या अंदाजासाठी आणि संशोधनासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. हवा होता एक्सएमपी २४. मिळाला एक्सएमपी १४, तोही कडक अटींवर. या आकड्यांतच सारे आले: पहिला अंक प्रोसेसरांचा, दुसरा स्मृतीतल्या दशलक्ष शब्दांचा. स्मृती तेवढीच, प्रोसेसर मात्र दोनाऐवजी एक. भाच्याने सहा कोअर की आठ म्हणून विचारावे आणि दुकानदाराने आधी शेजाऱ्यांशी तुमचे संबंध कसे आहेत ते सांगा म्हणावे, तसा हा व्यवहार!

१९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था निघाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली तिला तीन वर्षांची मुदत मिळाली. बलदंड प्रोसेसर मिळत नव्हता, म्हणून त्यांनी लहान पुष्कळ घेतले. इनमॉस या ब्रिटिश कंपनीच्या ट्रान्सप्यूटर या चकतीवर प्रोसेसरच्या शेजारीच चार केबी स्मृती असे, आणि चार शेजाऱ्यांशी बोलायला चार वाटा. असे ट्रान्सप्यूटर जोडून १९९१ मध्ये 'परम ८०००' उभा राहिला. ६४ जण एकाच गणिताला एकदम हात घालीत. पातीला एकच पहिलवान न लावता सारी भावकी कांदे खुडायला बसवावी, तशी ही युक्ती.

हे ऐकून भाचा एकदम सावरून बसला. "मामा, ग्राफिक्स कार्डात हेच असतं! हजारो लहान लहान कोअर!" मग त्यानेच मला पुढचा तास शिकवला. पूर्वी कोअर म्हणजे स्मृतीची कडी आणि आता कोअर म्हणजे प्रोसेसरचे हृदय, हा शब्दाचा प्रवासही आम्हांला तेव्हाच उमगला.

संध्याकाळी त्याने यादी पुन्हा लिहिली. आठाऐवजी सहा कोअरचा प्रोसेसर धरला आणि वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळवले. रॅम सोळा जीबी, पण आठ-आठच्या दोन पट्ट्या. दोन वाटांनी माल एकदम येतो म्हणाला. बोर्डावर दोन खाचा मोकळ्या ठेवल्या आहेत, पुढच्या डाळिंबाच्या बहारासाठी. पुढच्या वर्षी याहून वेगवान प्रोसेसर येणार आहे, थांबतोस का, असे मी त्याला विचारले. त्याने चकलीचा तुकडा मोडला आणि उद्याच्या नाशिकच्या गाडीची वेळ विचारली.