चार वाट्या पाणी

कर्नल विल्यम हेन्री साइक्स पुण्यात राहत असताना त्यांच्या जेवणघराच्या व्हरांड्यात एक छोटे मेज असे. त्यावर फळे, केक आणि मुरंबे ठेवलेले असत. मुंग्या लागू नयेत म्हणून मेजाचे चारही पाय पाण्याने भरलेल्या भांड्यांत ठेवले होते. मेज भिंतीपासून इंचभर दूर सरकवले होते आणि खिडकीतून येणाऱ्या धुळीसाठी वर कापड अंथरले होते. काही दिवस हा बंदोबस्त पुरला. मग मुंगळे पाण्यात उतरू लागले. मेजाचा पाय आणि भांड्याचा काठ यांत इंच-दीड इंच पाणी. ते पार करून रोज सकाळी शेकडो मुंगळे गोडावर तुटून पडलेले दिसत. रोज मारले तरी संख्या घटेना. तेव्हा पाण्याच्या वर, मेजाच्या पायांना टर्पेंटाइनचे वळे दिले. पुन्हा थोडे दिवस शांतता आणि पुन्हा मुंगळे. ते येतात कुठून हे कुणाला कळेना. शेवटी एकदा मेजाजवळून जाताना साइक्स यांना दिसले, की भिंतीवर मेजाच्या फूटभर वर चढलेला एक मुंगळा सुटून खाली पडला, तो थेट मेजावरच्या कापडावर. त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा.

साइक्स (१७९०–१८७२) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातले अधिकारी. १८२४ साली मुंबई सरकारने त्यांना आकडेवारी गोळा करण्याच्या कामावर नेमले आणि त्या निमित्ताने त्यांनी दख्खन पिंजून काढला. माणसे आणि पिके मोजता मोजता पक्षी, मासे, कीटक यांच्याही नोंदी केल्या. मुंग्यांवरचा त्यांचा निबंध लंडनच्या कीटकशास्त्र संस्थेने १८३५ साली छापला. मेजावर उडी घेणाऱ्या मुंगळ्याला त्यांनी लॅटिन नाव दिले, ‘इन्डिफेसा’, म्हणजे न थकणारी. हा प्राणी फाब्रिसियस यांनी १७८७ सालीच नोंदवला होता, त्यामुळे साइक्स यांचे नाव शास्त्रात टिकले नाही. आज त्याला ‘कॅम्पोनोटस कॉम्प्रेसस’ म्हणतात. घराघरांत तो काळा मुंगळा, कुठे डोंगळा.

भारतीय घरातल्या मुंग्यांचा हा आधुनिक शास्त्राने टिपलेला जुना आणि तपशीलवार प्रसंग. त्यात विजय मुंगळ्यांचा आहे. पण त्याहून लक्षात राहतात ती पाण्याची चार भांडी. कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवणे, दह्या-लोण्याचे मडके शिंक्यावर टांगणे, तुपाचा डबा परातीतल्या पाण्यात ठेवणे, फटीत हळद दाबणे हे उपाय आपल्या घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आले. या सगळ्यांत एक समान गोष्ट आहे. त्यांत मुंगीला मारण्यापेक्षा तिला अलीकडेच थांबवण्याची खटपट आहे. ही खटपट कशातून आली आणि ती कधी संपली, हा आपल्या घरांच्या इतिहासातला एक दुर्लक्षित धागा आहे.

मुंग्या उन्हाळ्यातच का आत येतात, हे आधी पाहू. मुंगीचे शरीर बाहेरच्या तापमानाने चालते. ऊब वाढली की तिचा वेग वाढतो. वारुळात अळ्या वाढत असतात, त्यांना अन्न हवे असते. आणि बाहेरची जमीन तर भाजलेली, ओल आटलेली. अशा वेळी माठाखालची ओल, मोरीची गार फरशी आणि फडताळातला गूळ तिला एकाच छपराखाली मिळतो. त्यात हाच काळ माणसाच्या बेगमीचा. गच्चीवर पापड-कुरडया वाळत असतात, बरण्यांत साखरांबा भरला जात असतो, गहू-तांदूळ उन्हे खाऊन कणगीत चाललेले असतात. पावसाळ्याआधी साठा करायचा ही निकड दोन्ही घरांची एकच असते.

आता मागे जाऊ. सम्राट अशोकाने राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी एक लेख स्तंभांवर कोरवला. अभ्यासक त्याला पाचवा स्तंभलेख म्हणतात. त्याची एक प्रत दिल्लीच्या फिरोजशाह कोटल्यातल्या स्तंभावर आजही आहे. कोणते प्राणी मारू नयेत याची त्यात यादी आहे: पोपट, मैना, हंस, वटवाघूळ, कासव. आणि त्यांतच ‘अंबाकपीलिका’. काही अभ्यासक याचा अर्थ ‘माता मुंगी’, म्हणजे राणी मुंगी असा लावतात, तर काही आंब्याच्या झाडावरची मुंगी असा. अर्थ कोणताही घेतला, तरी इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या राजाज्ञेत मुंगी आहे. त्याच लेखात आणखी एक आज्ञा आहे, ती घरा-खळ्याच्या अधिक जवळची: ज्या भुशात जीव आहेत तो भुसा जाळू नये.

राजाज्ञा स्तंभावर राहते. घरात नियम वेगळ्या वाटेने शिरतात. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात गृहस्थाच्या घरातली पाच वधस्थाने सांगितली आहेत: चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. रोजच्या स्वयंपाकात, झाडलोटीत बारीक जीव मरतातच, अशी ही कबुली. त्यावर उतारा म्हणून पाच महायज्ञ सांगितले. त्यांतल्या भूतयज्ञात जेवणाआधी अन्नाचा वाटा जमिनीवर ठेवायचा. स्वयंपाकघराला वधस्थान म्हणणारा हा विचार धीट आहे, हे मान्य करावे लागते.

पण तो वाटा कुणासाठी ठेवायचा, ही यादीही तिथेच आहे: कुत्रे, जातीबाहेर टाकलेले लोक, चांडाळ, पापाने रोगी झालेले, कावळे आणि कृमी. कीटकांवर दया करणाऱ्या श्लोकातच माणसांना कीटकांच्या रांगेत बसवले आहे. अन्न जमिनीवर, आणि घ्यायचे ते घराबाहेर राहून. मुंगीला साखर घालणे हे पुण्य मानणाऱ्या समाजात १९२७ सालच्या महाडला चवदार तळ्याचे पाणी गुरांना खुले होते आणि अस्पृश्यांना बंद. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. मुंग्यांवरच्या भारतीय करुणेबद्दल बोलताना हे पान उलटून पुढे जाता येत नाही. घराची रेघ आखणारा हात मुंगीसाठी मऊ आणि माणसासाठी कठोर असू शकतो.

जैन परंपरेने मुंगीकडे वेगळ्या नजरेने पाहिले. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात जीवांची वर्गवारी इंद्रियांच्या संख्येने केली आहे. कृमीला स्पर्श आणि रस ही दोन इंद्रिये, मुंगीला त्यात गंधाची भर, भुंग्याला शिवाय दृष्टी. मुंगीला तिसरे इंद्रिय गंधाचे, हे निरीक्षण दाद द्यावे असेच आहे. मुंगीला डोळे असतात हे खरे, पण तिचा संसार चालतो तो वासावर. विसाव्या शतकाच्या मध्यात एडवर्ड विल्सन यांनी आग्या मुंग्यांवर प्रयोग करून दाखवले, की अन्न सापडलेली मुंगी पोटातल्या एका ग्रंथीतला स्राव जमिनीवर टेकवत परतते आणि बाकीच्या त्या वासाच्या रेघेवरून चालत येतात. ओट्यावर दिसणारी रांग म्हणजे ही रेघ. ओल्या फडक्याने ती पुसली की मागून येणाऱ्या मुंग्या गोंधळून फिरतात, हे आपल्या आज्यांना ग्रंथीचे नाव माहीत नसताना ठाऊक होते.

गुजरातीत ‘कीडियारू पुरवणे’ असा शब्दप्रयोग आहे. वारुळाच्या तोंडाशी पीठ-साखर घालणे असा त्याचा अर्थ. राजस्थानातही ही रीत आहे. कुठे नारळात पीठ-साखर भरून तो वारुळाजवळ पुरतात. ‘कीडीला कण, हत्तीला मण’ ही म्हण गुजराती आणि हिंदी दोन्हींत चालते. तमिळ दारातले कोलम तांदळाच्या पिठाचे असते आणि ते मुंग्यांनी खावे अशीच अपेक्षा असते. बंगालची अल्पना आणि ओडिशाची झोटीही तांदळाचीच. मराठी रांगोळी मात्र दगडाच्या भुकटीची. मुक्ताबाईंच्या कूट अभंगातली आणि तुकोबांच्या साखर खाणारी मुंगी पाठ असलेल्या मराठी माणसाने उंबऱ्यावर मुंगीसाठी काही ठेवले नाही, हे जरा गमतीचेच आहे.

धर्माच्या जोडीला व्यवहार होताच. वारुळ घराबाहेर आहे, मुंग्या अगणित आहेत आणि आपण मारू त्याहून जास्त उद्या येतील, हे साइक्स यांच्या कितीतरी आधी प्रत्येक गृहिणीला कळलेले होते. म्हणून पाण्याची वाटी. ती रोज भरावी लागे. धूळ साचून पाण्यावर साय धरली की मुंग्यांना पूल मिळे. शिंक्याची दोरी, बरणीचा दादरा, कपाटाखालच्या वाट्या, हे सगळे रोजचे न दिसणारे काम होते आणि ते बायकांच्या वाट्याचे होते. ‘पूर्वीच्या लोकांना मुंग्यांबरोबर राहता येत असे’ असे म्हणताना हे श्रम कुणाचे होते तेही सांगितले पाहिजे. विषाची पुडी घरात आली तेव्हा तिचे स्वागत झाले यात नवल नाही.

ती आली दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि डीडीटीचे फवारे घरांच्या भिंतींपर्यंत पोचले. त्याने असंख्य जीव वाचवले, हे निर्विवाद. पण सरकारी माणसाने घरात येऊन फवारायचे औषध चांगलेच असणार, असा विश्वासही त्याबरोबर बसला. बीएचसीची पांढरी भुकटी ‘गॅमॅक्सिन’ या नावाने मोऱ्यांत आणि फडताळांमागे पडू लागली. पीठ आणि विष दोन्ही पांढरे, दोन्ही एकाच खोलीत. १९५८ साली पॅराथिऑन या कीटकनाशकाचा संसर्ग झालेला गहू केरळ आणि मद्रासकडच्या लोकांच्या पोटात गेला. शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या घटनेच्या चौकशीतून पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. बीएचसीवर बंदी यायला १९९७ साल उजाडले.

त्यानंतरच्या पिढीला आठवतो तो खडू. पायरेथ्रॉइड वर्गातल्या विषाचा, ‘लक्ष्मणरेखा’ नावाने विकला जाणारा. नाव चपखल वाटते, पण जरा थांबून पाहावे. वाल्मीकींच्या रामायणात ही रेघ नाही. ती बंगालीतल्या कृत्तिवासांच्या रामायणात येते, तुलसीदासांकडे मंदोदरीच्या बोलण्यात तिचा उल्लेख होतो, आणि प्रादेशिक भाषांतूनच ती देशभर पसरली. कथेतली रेघ आतल्या बाईने बाहेर जाऊ नये म्हणून. ओट्यावरची रेघ बाहेरच्या मुंगीने आत येऊ नये म्हणून. तमिळ उंबऱ्यावर पिठाची रेघ मुंगीला जेवायला बोलावते. तीन-चार पावलांवर स्वयंपाकघरात खडूची रेघ तिला मारते. दोन्ही पांढऱ्या, आणि एकाच घरात दोन्ही असू शकतात.

ही दुसरी रेघ जिंकते का? आज शहरी घरांत त्रास देणाऱ्या बारीक मुंग्यांपैकी एक आहे ‘फेरो मुंगी’. १७५८ साली लिनिअस यांनी इजिप्तच्या राजांवरून तिचे नाव ठेवले. व्यापाराबरोबर ती जगभरच्या इमारतींत पोचली. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. वर फवारा मारला की वसाहत फुटते, प्रत्येक तुकडा एखादी राणी घेऊन वेगळ्या भिंतीत घर करतो. एकीच्या चार होतात. आग्या मुंगीचीही अशीच कथा: ती मूळची अमेरिकेची, आणि जनुकांच्या अभ्यासावरून दिसते, की सोळाव्या शतकात मेक्सिकोहून मनिलाला जाणाऱ्या स्पॅनिश जहाजांतून ती आशियात उतरली. ज्यांना आपण घुसखोर म्हणतो त्यांतल्या काहींना आपल्याच व्यापाराने आणून सोडले आहे. साइक्स यांच्या मेजावरचा मुंगळा मात्र अस्सल इथला होता. तिथे नवे होते ते मेज.

साइक्स यांच्या त्याच निबंधात आणखी एक नोंद आहे. जूनमध्ये, पावसाला सुरुवात झाल्यावर, पुण्याच्या परेडच्या मैदानाजवळ सकाळी फिरताना त्यांना गवताच्या बियांचे वीसेक छोटे ढीग दिसले, प्रत्येक साधारण मूठभर. शेकडो मुंग्या जमिनीखालचे भिजलेले बी वर आणून उन्हात वाळवत होत्या. ऑक्टोबरात, परतीच्या वादळी पावसानंतर, त्यांना हेच पुन्हा दिसले. मुंग्या धान्य साठवतात हे तेव्हाच्या युरोपातल्या कीटकशास्त्रज्ञांना जुन्या लोकांची भाकडकथा वाटत असे. पुण्यातल्या या नोंदीने त्या समजाला धक्का दिला. जॉन मॉग्रिज यांनी भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर निरीक्षण करून १८७३ साली ती गोष्ट पक्की केली. या मुंगीला साइक्स यांनी ‘प्रोव्हिडेन्स’ म्हटले, म्हणजे बेगमी करणारी. हे नाव मात्र शास्त्रात टिकले.

परेडच्या मैदानाशेजारच्या छावणीत आणि पलीकडच्या पेठांत त्याच दिवशी, त्याच उन्हाला, कुणीतरी दमट झालेले धान्य पसरून बसले असणार, आणि त्यावर चढणाऱ्या मुंग्या हाताने बाजूला सारत असणार.