राजपूत : एका नावाच्या दोन विनाशिका

आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात, तीच रीत आरमारातही आहे. जहाज मोडीत निघतं, पण नाव मागे राहतं आणि काही वर्षांनी नव्या जहाजाचं त्याच नावाने बारसं होतं.

पहिली ‘राजपूत’ १९४२ साली स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकच्या गोदीत बांधली गेली. तेव्हा ती ब्रिटिश नौदलाची ‘रॉदरहॅम’ होती. १९४५मध्ये सिंगापूरचा नाविक तळ जपान्यांकडून ताब्यात घेण्याचा मान तिला मिळाला. १९४९ साली ती भारताकडे आली, तिच्यासोबत ‘रिडाउट’ आणि ‘रेडर’ही. तिघींची नवी नावं ठेवली : राजपूत, रणजित, राणा.

१९७१च्या भारत-पाकिस्तान युद्धापर्यंत राजपूत थकली होती, तिच्या निवृत्तीचे दिवस जवळ आले होते. नेमकी हीच म्हातारी नौदलाच्या पूर्व विभागाचे प्रमुख व्हाइस अॅडमिरल कृष्णन यांनी निवडली. पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी ‘विक्रांत’ या भारताच्या विमानवाहू नौकेच्या मागावर बंगालच्या उपसागरात उतरली होती. विक्रांत अंदमानच्या आडोशाला सुरक्षित ठेवून कृष्णन यांनी राजपूतला विशाखापट्टणमपासून दूर समुद्रात पाठवलं आणि तिच्याकडून बिनतारी संदेशांची अशी रेलचेल करवली, की ऐकणाऱ्याला वाटावं, विक्रांत इथेच आहे. त्यात आजारी आईची खुशाली विचारणारी, विक्रांतवरच्या एका खलाशाच्या नावाने धाडलेली साधी तारही होती. या साऱ्या बनावात मला ही तार सगळ्यात हुशारीची वाटते. युद्धाच्या सांकेतिक भाषेवर शत्रू शंका घेईल, पण मुलाच्या काळजीवर कशाला घेईल?

हा बनाव वठवून राजपूत विशाखापट्टणमला परतली आणि ३ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास लेफ्टनंट कमांडर इंदर सिंग यांच्या हुकमतीखाली पुन्हा बंदरातून बाहेर पडली. बंदराच्या तोंडाशीच पाणबुडी दबा धरून असेल, ही शंका त्यांच्या मनात होती. पुढे पाण्यात खळबळ दिसल्याची वर्दी टेहळ्याने दिली, तेव्हा त्यांनी जहाज तिकडे वळवलं, दोन डेप्थ चार्ज (पाण्याखाली फुटणारे बॉम्ब) टाकले आणि ते आपल्या कामगिरीवर निघून गेले. त्याच रात्री प्रचंड स्फोटाने शहर हादरलं. पुढे कोळ्यांना समुद्रात तरंगणाऱ्या वस्तू सापडल्या, गोताखोरांनी तळाशी जाऊन खात्री केली : गाझी बुडाली होती, नव्वदहून अधिक माणसांसह. ती राजपूतच्या मार्‍याने बुडाली, स्वतःच पेरलेल्या पाणसुरुंगाने, की आतल्या स्फोटाने, यावर अजून वाद आहे. ती माणसंही आपलं कर्तव्यच करत होती, हे विसरून ही गोष्ट सांगू नये, असं मला वाटतं.

१९७६मध्ये राजपूत भंगारात गेली.

चारच वर्षांनी, ४ मे १९८० रोजी, काळ्या समुद्राकाठी जॉर्जियातल्या पोटी बंदरात दुसरी राजपूत भारतीय नौदलात दाखल झाली. युक्रेनमधल्या मिकोलाइव्हच्या गोदीत ती ‘नादेझनी’ म्हणून जन्मली. या रशियन शब्दाचा अर्थ विश्वासू. तिचे पहिले कप्तान गुलाब हिरानंदानी. १९७१मध्ये कराचीवरच्या हल्ल्यांच्या वेळी ते पश्चिम ताफ्याच्या मोहिमांची आखणी पाहत होते आणि पुढे त्यांनीच नौदलाचा इतिहास लिहिला. तिच्या मागोमाग आलेल्या बहिणींना राणा आणि रणजित हीच नावं मिळाली. रणवीर आणि रणविजय नंतर आल्या.

नव्या राजपूतचे चार गॅस टर्बाइन तिला ताशी ३५ सागरी मैलांपर्यंत पळवत. श्रीलंकेतली ‘पवन’, मालदीवमधली ‘कॅक्टस’ अशा मोहिमांत ती होती. ब्रह्मोस क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या सागरी चाचण्या तिच्यावरून झाल्या. सोव्हिएत बांधणीच्या जहाजाने विशी ओलांडल्यावर नव्या अस्त्राला अंगावर घेतलं. भूदलाच्या राजपूत रेजिमेंटशी तिचं नातं जोडलं गेलं. भूदलाच्या रेजिमेंटशी असं जोडलं गेलेलं ते पहिलं जहाज.

एकेचाळीस वर्षांत एकतीस कप्तान झाले. २१ मे २०२१ रोजी, कोरोनाच्या लाटेत, विशाखापट्टणमच्या नौदल गोदीत मोजक्या अधिकारी-खलाशांसमोर सूर्यास्ताला तिचा ध्वज शेवटचा उतरला. पन्नास वर्षांपूर्वी पहिली राजपूत त्या रात्री निघाली होती, ती याच बंदरातून.