'इथलेच' लोक : बेलारूसी अस्मिता आणि पोलिश संस्कृती

बेलारूसी अस्मितेच्या इतिहासात पोलिश संस्कृतीचे स्थान दुहेरी आहे. जिने या समाजाचा अभिजनवर्ग आपल्यात सामावून घेतला, तिनेच पुढे आधुनिक बेलारूसी साहित्याला साधने पुरवली.

लिथुआनियाच्या महाडचीत १५८८ च्या कायदेसंहितेने रुथेनियन, म्हणजेच जुनी बेलारूसी, ही दफ्तराची भाषा ठरवली होती. परंतु १५६९ च्या लुब्लिन करारानंतर सरदारवर्ग क्रमाने पोलिश भाषेकडे व कॅथलिक पंथाकडे वळत गेला आणि १६९७ मध्ये दफ्तरातही पोलिश आली. लोकभाषा प्रामुख्याने शेतकऱ्यांच्या तोंडी उरली.

धर्माच्या बाबतीत १५९६ च्या ब्रेस्त ऐक्याने मधला मार्ग काढला. पोपचे आधिपत्य मान्य करून पौर्वात्य उपासनाविधी कायम ठेवणारा हा युनिएट पंथ अठराव्या शतकाच्या अखेरीस बहुसंख्य शेतकऱ्यांचा झाला होता. १७७२, १७९३ व १७९५ च्या फाळण्यांनी हा प्रदेश रशियाकडे गेला आणि १८३९ च्या पोलोत्स्क धर्मसभेने हा पंथ ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये विलीन केला. मधली भूमी नाहीशी होताच कॅथलिक तो 'पोलिश' आणि ऑर्थोडॉक्स तो 'रशियन' हे समीकरण दृढ झाले. त्यात 'बेलारूसी' या नावाला जागाच नव्हती.

ही जागा साहित्याने निर्माण केली. दुनिन-मार्त्सिंकेविच यांनी मित्स्केविचच्या 'पान तादेउश'चे बेलारूसी भाषांतर केले. १८५९ मध्ये छापलेला त्याचा आरंभीचा भाग सेन्सॉरने नष्ट करवला. १८६३ च्या उठावात कालिनोव्स्कींनी शेतकऱ्यांसाठी काढलेले बेलारूसी पत्र लॅटिन लिपीत होते. त्याच उठावात सहभागी झालेले कॅथलिक कवी बाहुशेविच यांचा संग्रह १८९१ मध्ये क्राकूव येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत मातृभाषा न सोडण्याचे आवाहन होते. 'नाशा नीवा' हे नियतकालिक १९०६ पासून १९१२ पर्यंत लॅटिन व सिरिलिक अशा दोन्ही लिप्यांत निघे, कारण लिपीची सवयही पंथागणिक भिन्न होती.

तरीही १९३१ च्या पोलिश जनगणनेत पोलेसिये प्रांतातील सुमारे ७ लाख लोकांची भाषा 'इथली' अशी नोंदली गेली. या उत्तराला केवळ अज्ञान म्हणता येत नाही, तसेच ते निव्वळ प्रशासकीय सोय म्हणूनही सोडून देता येत नाही. पंथावरून राष्ट्र ठरवणाऱ्या दोन्ही दाव्यांपासून ते अंतर राखते. नवाहरूदक परिसरात जन्मून, पोलिशमध्ये लिहून, लिथुआनियाला मातृभूमी म्हणणाऱ्या मित्स्केविचला एकाच राष्ट्रीय वाङ्मयेतिहासात बसवू पाहणाऱ्या अभ्यासकाला या उत्तराची दखल घ्यावीच लागते.