टेपवरचा टाइपरायटर

सध्या ओळखीपाळखीत क्षेत्र बदलणाऱ्यांची रांगच लागली आहे. कुणी मेकॅनिकल सोडून डेटाकडे येतंय, कुणी बँकेतून टेस्टिंगकडे. मुलाखत अर्थातच ऑनलाइन. आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "या क्षेत्रातला माझा अनुभव शून्य. मला तासभर स्क्रीनवर बघून कोण कशाला घेईल?"

प्रश्न नवा वाटतो, पण चांगला सत्तर वर्षं जुना आहे. गंमत म्हणजे आमचा सॉफ्टवेअरचा धंदा सुरूच मुळी या प्रश्नापासून झाला.

१९५० च्या दशकात अमेरिकेत कॉम्प्युटर विकले जाऊ लागले आणि प्रोग्रामर हवेत म्हणून ओरड सुरू झाली. आता "पाच वर्षांचा अनुभव आवश्यक" असं लिहायचं तर तसा माणूस आणायचा कुठून? धंदाच नवा! जो येणार तो दुसरं काहीतरी सोडूनच येणार. मग आयबीएमने १९५५ मध्ये एक कल चाचणी काढली. अक्षरांच्या मालिका, आकृत्यांमधली साम्यं, थोडं अंकगणित. आपल्याकडे कॅम्पस प्लेसमेंटला सगळ्या शाखांच्या पोरांना एकाच हॉलमध्ये बसवून जो पेपर देतात ना, तो याच वळणाचा. १९६२ च्या सुमारास प्रोग्रामर घेताना सुमारे ८० टक्के कंपन्या कुठली ना कुठली कल चाचणी घेत होत्या, असा तेव्हाचा अंदाज आहे.

त्याच दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमच्या बॉब बेमर यांनी वर्तमानपत्रांत जाहिरात देऊन माणसं शोधली. निवड झालेल्यांत कोण होतं? ऑक्सफर्डमध्ये शिकलेला स्फटिकशास्त्रज्ञ, इंग्रजीत पीएचडी करणारं कुणीतरी, एक माजी फॅशन मॉडेल आणि बरेच बुद्धिबळपटू. त्यांतला एक अ‍ॅलेक्स बर्नस्टाइन. त्याने आपलं बुद्धिबळ दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवलं नाही. १९५७ मध्ये त्याने सहकाऱ्यांबरोबर आयबीएम ७०४ वर बुद्धिबळाचा अख्खा डाव खेळणारा प्रोग्रॅम लिहिला. एकेका चालीला आठेक मिनिटं लागायची, पण डाव पूर्ण व्हायचा. म्हणजे जुनं क्षेत्र हेच नव्या क्षेत्रातलं त्याचं भांडवल ठरलं.

पण या गोष्टीला दुसरी बाजूही आहे. माणसं मोजायची तर माप कुठून आणणार? १९६६ मध्ये कॅनन आणि पेरी या दोन मानसशास्त्रज्ञांनी १,३७८ प्रोग्रामरांचा अभ्यास केला. त्यातले १८६ सोडले तर बाकी सगळे पुरुष. त्यावरून काढलेल्या स्वभावचित्रात एक गोष्ट ठळक होती, या मंडळींना माणसांत फारसा रस नसतो! आत आलेल्यांवरून माप घेतलं की बाहेरच्यांना ते कसं बसणार? आजही मुलाखत घेणारा नकळत स्वतःसारखाच माणूस शोधत असतो. क्षेत्र बदलणाऱ्याची खरी अडचण ही आहे.

आता इंग्लंडला जाऊ. तिथे याच मापाबाहेरच्या एका बाईने १९६२ मध्ये फक्त सहा पौंडांवर सॉफ्टवेअर कंपनी काढली. त्या स्टेफनी शर्ली. डॉर्टमुंडमध्ये जन्मलेल्या, १९३९ मध्ये नाझींपासून वाचवलेल्या मुलांच्या रेल्वेगाडीतून इंग्लंडला आलेल्या. त्या काळी सॉफ्टवेअर मशीनबरोबर फुकट मिळायचं, ते विकत घेणार कोण, आणि तेही बाईकडून? पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा त्यांनी 'स्टीव्ह' या नावाने सह्या करायला सुरुवात केली. उत्तरं येऊ लागली. :)

कंपनीतल्या बहुतेक बायका मुलंबाळं झाल्यावर नोकरी सुटलेल्या, घरून काम करणाऱ्या. पहिल्या ३०० माणसांत २९७ बायका! अर्ज करणारीला एक प्रश्न हमखास असायचा, "टेलिफोन वापरायला मिळतो का?" आज आपण "नेट नीट आहे ना?" विचारतो, तसंच. ग्राहकाचा फोन आला की शर्ली टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या, म्हणजे पलीकडच्याला भरगच्च ऑफिस वाटावं आणि घरातलं मूल ऐकू येऊ नये. आजची 'ब्लर' केलेली पार्श्वभूमी आणि ही टेप सख्ख्या बहिणी! मात्र टेपने फक्त दार उघडलं. याच बायकांनी कॉन्कॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचं प्रोग्रॅमिंग केलं, ते काही खडखडाटाच्या जोरावर नाही.

मला यातून एकच गोष्ट दिसते. ज्याचा कामाशी संबंध नाही ते खुशाल झाका. मागची भिंत, कुकरची शिट्टी, काहीही. पण जुनं काम झाकू नका. क्षेत्र बदलणारे नेमकं उलटं करतात. खोली चकाचक आणि आठ वर्षांचा अनुभव एका ओळीत उरकलेला.

माझा एक मित्र चाकणला क्वालिटीत होता. दोन मुलाखतींत त्याने पाठ केलेल्या व्याख्या म्हटल्या, दोन्हीकडे नकार. घराचा हप्ता चालू, त्यामुळे घरात ताण. तिसऱ्या वेळी त्याने परवानगी घेऊन स्क्रीनवर एक शीट उघडली, नावं-आकडे बदललेली. नाकारलेले पार्ट्स शिफ्टप्रमाणे लावल्यावर दोष एका टूलवर कसा येऊन थांबला, ते दहा मिनिटांत दाखवलं. समोरच्याला ऑटोमोबाइल कळत नव्हतं, पण विचार कळला. झालं काम.

याला संशोधनाचाही आधार आहे. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला. नुसती अनुभवाची वर्षं हा कच्चा निकष निघाला. प्रत्यक्ष कामाचा नमुना आणि सगळ्यांना तेच प्रश्न, तेच मोजमाप अशी आखीव मुलाखत, हे कितीतरी बरे. २०२२ मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हे आकडे पुन्हा तपासून बरेच खाली आणले, तरी आखीव मुलाखत वरच राहिली. तेव्हा समोरचा नमुना मागत नसेल, तर आपणच न्यावा. पाच मिनिटांचा, कुठल्याही क्षेत्रातल्या माणसाला कळेल असा.

शर्ली २०२५ च्या ऑगस्टमध्ये गेल्या. ज्यांना घरून ऑनलाइन मुलाखत देऊन नवं क्षेत्र गाठायचंय, त्यांनी त्यांच्याबद्दल जरूर वाचावं. तूर्तास इतकंच. चू. भू. द्या. घ्या.